चेहरा सगळ्यात शेवटी: फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याचं जुनं तैलचित्र कसं वाचावं

लिलावाच्या याद्यांमध्ये असली चित्रं एका ओळीत उरकलेली असतात: 'फ्रेंच शैली, अठरावं शतक. सेंट लुईचा क्रॉस लावलेला अधिकारी. कॅनव्हासवर तैलरंग, अस्तर लावलेलं, ७३ × ५९ सेंमी.' नाव नाही, चित्रकार नाही, पलटण नाही. सोबतच्या फोटोत पावडर लावलेले केस, गुलाबी गाल, छातीवर लाल फितीला लटकलेला पांढरा क्रॉस, म्हणजे फ्रान्सच्या राजाने सेवेबद्दल दिलेला मान. बघणारा आधी चेहऱ्याकडे बघतो आणि तिथेच फसतो.

असल्या चित्रात सगळ्यात कमी भरवशाची गोष्ट म्हणजे चेहरा. डोळे किती टपोरे काढायचे, ओठ किती हसरे ठेवायचे, याची त्या काळच्या पॅरिसमध्ये फॅशन होती आणि ती दर वीसेक वर्षांनी बदलायची. शिवाय अडीचशे वर्षांत ज्याने ज्याने चित्र 'दुरुस्त' केलं, त्याने पहिला हात चेहऱ्यालाच लावला. कोटाच्या चौथ्या बटणाच्या वाटेला सहसा कोणी जात नाही. म्हणून वाचायचा क्रम उलटा धरायचा: आधी पाठ, मग कडा, मग कोट, मग क्रॉस. चेहरा शेवटी.

सामान फार लागत नाही. मोजपट्टी, दहापट मोठं दाखवणारं भिंग, साधा एलईडी टॉर्च आणि ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च. अतिनील टॉर्च स्वस्तातला, जांभळा उजेड पाडणारा घेऊ नका. त्याच्या जांभळ्या झाकेत खरी चमक बुडून जाते.

पाठ

चित्र फिरवलं की आधी माप घ्यायचं. फ्रान्समध्ये तेव्हा लांबी 'पूस'मध्ये मोजत. एक पूस म्हणजे २.७०७ सेंमी. तयार कॅनव्हास ठरावीक मापांत मिळायचा आणि मापाला नाव असायचं ते किमतीवरून, म्हणजे ('सू' हे तेव्हाचं फ्रेंच नाणं) 'पंधरा सूचा', 'वीस सूचा', 'पंचवीस सूचा' कॅनव्हास. वीसचा म्हणजे २७ × २२ पूस, सुमारे ७३ × ५९.५ सेंमी. पंचवीसचा ३० × २४ पूस, म्हणजे ८१ × ६५. पंधराचा २४ × २०, म्हणजे ६५ × ५४. छातीपर्यंतची बहुतेक अधिकारी-चित्रं या तीन मापांतली. त्यामुळे ६८ × ५१ असं विचित्र माप निघालं तर कुठून तरी कापलं असावं असा संशय घ्यावा. माप बरोबर जुळलं म्हणून मात्र चित्र जुनं ठरत नाही. हीच मापं पुढे सेंटिमीटरमध्ये उतरली आणि फ्रान्समधल्या रंगसाहित्याच्या दुकानात आजही १५, २० आणि २५ याच क्रमांकांनी कॅनव्हास मिळतो.

कापलंय का, हे कडा सांगतात. कॅनव्हास पहिल्यांदा ताणून ठोकला आणि त्यावर सरस व रंगाचा थर चढला की खिळ्यांच्या जागी धागे बाहेर ओढलेले राहतात आणि दोन खिळ्यांमध्ये आत झुकतात. काठावर लहान लहान लाटा उठल्यासारखं दिसतं. टॉर्च बाजूने, अगदी चित्राला चिकटवून धरला की या लाटा उठून दिसतात. तीन बाजूंना लाटा असून चौथ्या बाजूचे धागे सरळ असतील, तर चौथी बाजू कापलेली. बहुतेक वेळा ती खालची असते: खालचा भाग ओलीने कुजायचा, मग तो काढून टाकायचा, आणि त्याबरोबर अधिकाऱ्याचा हात, टोपी, कधी तलवारीची मूठही जायची.

कापड हातमागाचं असेल तर ताणा आणि बाणा दोन्ही असमान असतात. मधूनच एखादा धागा जाड, मधूनच गाठ. सेंटिमीटरला साधारण दहा ते पंधरा धागे भरतात. धागे एकसारखे, यंत्रासारखे नेमके दिसले तर एकोणिसावं शतक गृहीत धरा. फक्त एक बघून घ्या: दिसतंय ते मूळ कापड आहे की अस्तर? कारण या चित्रांपैकी बहुतेकांना कधी ना कधी अस्तर लागलेलं असतं. जुन्या कापडामागे दुसरं कापड सरस आणि पिठाच्या खळीने चिकटवायचं आणि वरून गरम इस्त्री फिरवायची, ही फ्रान्समधली नेहमीची रीत. अस्तराने चित्र वाचतं, पण इस्त्री जोरात फिरली तर रंगाचे उठाव चपटे होतात. कोटावरच्या जरीकडे भिंगातून बघा. चित्रकाराने कुंचल्याच्या टोकाने टेकवलेले पिवळट-पांढरे ठिपके मुळात टोकदार असतात. इस्त्री झालेल्या चित्रात त्यांचे माथे बसलेल्या पेढ्यासारखे चपटे दिसतात आणि कधी कधी कापडाचा पोत रंगातून वर उमटलेला असतो.

लाकडी चौकटही बोलते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात चौकटीचे कोपरे पक्के जोडलेले असायचे. शतकाच्या मध्यानंतर कोपऱ्यात पाचरी ठोकून कॅनव्हास ताणता येईल अशा चौकटी रूढ होऊ लागल्या. म्हणजे १७२० च्या चित्रामागे पाचरींची चौकट दिसली तर चौकट बदललेली आहे एवढंच म्हणता येतं. त्यात वाईट काही नाही. खिळे घडीव लोखंडाचे, चौकोनी अंगाचे आणि डोकं वेडंवाकडं असेल तर बरं. स्टेपलरच्या पिना म्हणजे विसावं शतक.

पाठीवर शाईत किंवा रंगात लिहिलेली ओळ सापडली की सगळे खूश होतात: अमुक शेव्हालिए (किताब मिळालेला सरदार), तमुक पलटणीत कॅप्टन, वय ३२, साल १७६८. ती ओळ अस्तरावर असेल तर ती नक्कल आहे, हे विसरू नका. अस्तर लावणाऱ्याने आत झाकल्या जाणाऱ्या जुन्या ओळीवरून ती उतरवून घेतलेली असते, आणि उतरवताना नावाची अक्षरं चुकतात, ३ चा ५ होतो. पाठीमागून जोरदार उजेड टाकला की अस्तर पातळ असल्यास मूळ ओळ कधी कधी वाचता येते. लाखेच्या मोहरा दिसल्या तर त्यांचे तिरप्या उजेडात फोटो काढून ठेवा. त्यावरचं कुलचिन्ह ही पुढच्या शोधाची सगळ्यात पक्की किल्ली. चित्राच्या वरच्या कोपऱ्यात समोरून रंगवलेलं कुलचिन्ह मात्र बऱ्याचदा वंशजांनी नंतर घातलेलं असतं. त्याची परीक्षा सोपी: जुन्या रंगाला भेगा पडल्यावर वरून रंगवलं असेल, तर नवा रंग भेगेत उतरलेला दिसतो. मूळचं असेल तर भेग कुलचिन्हालाही चिरत जाते.

भेगांबद्दल एवढं सांगतो की, त्या काळच्या फ्रेंच कॅनव्हासवरच्या भेगा मोठ्या, वळणदार आणि कुठल्याच एका दिशेला न धावणाऱ्या असतात. कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल नक्षी दिसली तर तिथे मागून धक्का बसलेला असतो. भट्टीत भाजून पाडलेल्या भेगा सगळीकडे सारख्याच बारीक असतात, गालावरही आणि पार्श्वभूमीवरही. खऱ्या चित्रात शिशाच्या पांढऱ्या रंगाने भरलेलं कपाळ आणि पातळ तपकिरी पार्श्वभूमी एकसारखी कधीच तडकत नाहीत.

रंगाखालचा थर म्हणजे अस्तरानंतरची दुसरी मोठी भानगड. फ्रेंच चित्रकार कॅनव्हासवर आधी गेरूसारख्या लाल-तपकिरी मातीचा थर द्यायचे आणि त्यावर बहुधा राखाडी. तैलरंग वयानुसार पारदर्शक होत जातो, त्यामुळे दोन-अडीचशे वर्षांनी सावल्यांमधून तो गेरू वर येतो. मानेखालची सावली तांबूस झालेली दिसते ती बऱ्याचदा यामुळे. ती 'साफ' करायला जाणारा माणूस चित्राची कातडी सोलतो.

कोट

इथे रेंगाळावं. फ्रेंच लष्कराने गणवेशाचे नियम वारंवार बदलले, १७६२, १७६७, १७७६, १७७९ आणि १७८६ मध्ये, आणि प्रत्येक फेरफार चित्रात शोधता येतो. फ्रेंच पायदळाचा कोट पांढरा, नेमकं सांगायचं तर न रंगवलेल्या लोकरीचा राखाडी-पांढरा. स्विस आणि आयरिश पलटणींचा लाल. जर्मन पलटणींचा निळा. १७८१ मध्ये अमेरिकेत यॉर्कटाउनच्या वेढ्यात लढलेली रॉयल-द-पाँ ही पलटण त्यातलीच. ड्रॅगून, म्हणजे एक प्रकारचे घोडेस्वार सैनिक, १७६२ पर्यंत लाल, नंतर हिरवे. तोफखाना निळा. राजाच्या फ्रेंच गार्ड पायदळाचा कोट निळा आणि बाह्यांची दुमड लाल. १७४४ पासून सेनापती दर्जाच्या अधिकाऱ्यांना निळ्या कोटावर सोनेरी जरीकाम.

पांढऱ्या कोटाची अडचण व्हार्निश करतं. जुनी राळ पिवळी पडते आणि राखाडी-पांढरा कोट लोण्यासारखा दिसतो. मग यादीत 'पिवळ्या गणवेशातला अधिकारी' असं छापून येतं. कोटाच्या रंगाची गळ्यातल्या कापडाशी तुलना करा. गळ्याचं तलम कापड पांढरंशुभ्र असणारच. तेही लोण्यासारखं दिसत असेल तर पिवळेपणा व्हार्निशचा.

कोटाला कॉलर नसेल आणि बाहीची दुमड कोपरापर्यंत येईल इतकी रुंद असेल, तर चित्र शतकाच्या मध्यापूर्वीचं. दुमड अरुंद, छातीवर रंगीत पट्ट्या उलटवलेल्या आणि उभी किंवा पडती कॉलर असेल तर १७६२ च्या पुढचं. १७६२ पूर्वी अनेक अधिकारी गणवेशाऐवजी मखमली कोट आणि आत चिलखत अशा थाटात चित्र काढून घेत. कारण दरबारात गणवेश मिरवण्याची तेव्हा फारशी हौस नव्हती.

त्याच सुमारास खांद्यावरची झालर पद दाखवू लागली. दोन्ही खांद्यांवर जाड पिळाच्या गोंड्यांची झालर असेल तर कर्नल. कॅप्टनची झालर डाव्या खांद्यावर, उजवीकडे नुसती पट्टी. लेफ्टनंटच्या पट्टीत रेशमी चौकड्या विणलेल्या. शिवाय एक नियम कायम डोक्यात ठेवावा: बटणं, जरीकाम आणि झालर एकाच धातूची. पलटण 'पांढऱ्या' बटणांची असेल तर सगळं चांदीचं, 'पिवळ्या' बटणांची असेल तर सगळं सोन्याचं. बटणं चांदीची आणि झालर सोन्याची दिसली की आधी व्हार्निश तपासा (पिवळ्या राळेखाली चांदी सोनेरी दिसते) आणि तरीही फरक राहिला तर झालर नंतर कोणी तरी चढवली आहे असं समजा.

१७६२ पासून बटणांवर पलटणीचा क्रमांक येऊ लागला. चांगल्या चित्रकाराने तो एखाद-दुसऱ्या बटणावर काढलेला असतो, बाकीची बटणं नुसत्या प्रकाशबिंदूने भागवलेली. क्रमांक वाचता आला तर मजाच. पण पलटणींचे क्रमांक १७७६ मध्ये सरकले, म्हणून आधी कोटावरून साल ठरवायचं, मग त्या सालाच्या यादीत क्रमांक बघायचा. उलट्या क्रमाने गेलात तर शेजारच्या पलटणीचा माणूस हाती लागतो.

निळा रंग तारखेच्या कामी येतो. प्रशियन निळा हा रंग बर्लिनमध्ये १७०४ ते १७०६ च्या दरम्यान योगायोगाने सापडला आणि तो करायची रीत १७२४ मध्ये छापून आली. त्यामुळे १६९० चं म्हणून दाखवलेल्या चित्रात मूळ थरात हा निळा निघाला तर तारीख खोटी. कोबाल्ट निळा १८०२ नंतरचा, कृत्रिम अल्ट्रामरीन १८२८ च्या पुढचा, टायटॅनियमचा पांढरा विसाव्या शतकातला. हे डोळ्यांनी ठरत नाही, प्रयोगशाळेत नमुना द्यावा लागतो. बरीच रक्कम मोजायची असेल तर तेवढा खर्च करावा.

क्रॉस

'सेंट लुईचा राजेशाही व लष्करी किताब' चौदाव्या लुईने एप्रिल १६९३ मध्ये काढला. घराणं बघून नव्हे, तर सेवा बघून अधिकाऱ्यांना मान मिळावा हा त्यामागचा हेतू. अट एकच कडक होती: माणूस कॅथलिक हवा. त्यामुळे स्विस आणि जर्मन पलटणींमधले प्रॉटेस्टंट अधिकारी बाहेर राहिले. त्यांच्यासाठी पंधराव्या लुईने मार्च १७५९ मध्ये 'लष्करी गुणवत्ते'चा वेगळा सन्मान काढला. त्याची फीत गडद निळी होती. म्हणून लाल कोटाच्या स्विस अधिकाऱ्याच्या छातीवर निळी फीत दिसली तर गोंधळून जाऊ नका. रंग उडालेला नाही, धर्म वेगळा आहे.

सेंट लुईचा क्रॉस सोन्याचा, त्यावर पांढरा मुलामा. चार भुजा आणि प्रत्येक भुजेला दोन टोकं, अशी आठ टोकं. भुजांच्या मधल्या कोनांत लिलीची फुलं. मध्ये गोल चकतीत चिलखत घातलेला संत लुई उभा, एका हातात लॉरेलचा मुकुट, दुसऱ्यात काट्यांचा मुकुट आणि क्रूसाचे खिळे. मागच्या बाजूला ज्वाळेसारखी तलवार, लॉरेलच्या मुकुटातून आरपार. चित्रात पुढची बाजूच दिसते. साध्या शेव्हालिएचा क्रॉस डाव्या छातीवर, आखूड लाल फितीला, कोटाच्या काजाशी. वरच्या दर्जाचा कमांडर असेल तर रुंद लाल पट्टा उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेपर्यंत. सगळ्यात वरच्या दर्जाला पट्टा आणि शिवाय कोटावर शिवलेला जरीचा तारा. साध्या कॅप्टनच्या अंगावर रुंद लाल पट्टा असेल तर चित्रकाराची नाही, विकणाऱ्याची चूक शोधा.

निळा रुंद पट्टा मात्र वेगळ्याच दुनियेतला. तो 'पवित्र आत्म्या'च्या किताबाचा. तिसऱ्या हेन्रीने १५७८ मध्ये काढलेला हा किताब एका वेळी फक्त शंभर जणांना मिळायचा. चांदीच्या ताऱ्यावर कबुतर. असा माणूस अनामिक राहणं जवळपास अशक्य, कारण शंभर जणांची यादी उपलब्ध असते. त्या पट्ट्याचा आकाशी रंग पुष्कळदा हिरवट-राखाडी झालेला दिसतो, कारण पांढऱ्यात मिसळलेला प्रशियन निळा उजेडाने उडतो. फ्रेमच्या खाचेखाली झाकला गेलेला अर्धा सेंटिमीटर भाग बघितला की मूळ रंग कळतो.

आता भिंग क्रॉसवर धरा. चांगल्या चित्रकाराने क्रॉस पाच-सहा फटक्यांत उरकलेला असतो: भुजांना शिशाच्या पांढऱ्याचे चार फराटे, कडेला पिवळ्या मातीची रेघ, मधल्या चकतीला हिंगुळाचा लाल ठिपका आणि त्यावर पिवळा बिंदू म्हणजे संत. जवळून तो गिचमिड दिसतो, तीन हातांवरून लखलखतो. नक्कल करणारा मात्र संताचा चेहरा काढायला बसतो. लिलीच्या पाकळ्या मोजून काढलेल्या, चकतीवरची अक्षरं वाचता येतात, पण चकाकी कुठेच नाही, अशी चित्रं एकोणिसाव्या शतकात भरपूर तयार झाली. माप हीसुद्धा एक खूण. छातीपर्यंतची ही चित्रं साधारण माणसाच्या मापाची असतात, त्यामुळे शेव्हालिएचा क्रॉसही खऱ्या मापाच्या जवळपास, म्हणजे चारेक सेंटिमीटर येतो. सहा सेंटिमीटरचा क्रॉस कोटावर ताटलीसारखा दिसतो.

फितीचा लाल हिंगुळाचा, त्यावर लाल लाखेसारख्या पारदर्शक रंगाचा हात. तो पारदर्शक हात उजेडाने उडतो आणि फीत नारिंगीकडे झुकते. फितीच्या रंगाला फ्रेंच लोक 'आगीचा रंग' म्हणत, म्हणजे ती मुळातच किरमिजी नव्हती. दुरुस्ती करणाऱ्याने तिला गडद किरमिजी केली तर अतिनील उजेडात तेवढीच पट्टी काळसर जांभळी दिसते.

अतिनील उजेडाबद्दल इथेच सांगतो. जुनी नैसर्गिक राळ हिरवट-पिवळी चमकते. तिच्यावर नंतर केलेली दुरुस्ती गडद डागांसारखी उठते. पण दुरुस्तीवर पुन्हा जुन्या राळेचा थर असेल तर ती लपते, आणि काही आधुनिक व्हार्निशं अतिनील उजेड शोषून सगळंच गुळगुळीत दाखवतात. कुठेच काही दिसत नाही म्हणून चित्र निर्दोष, असा निष्कर्ष काढायचा नाही.

क्रॉस नंतर काढलेला असणं नेहमीच फसवणूक नसते. तरुणपणी चित्र काढून घेतलं, वीस वर्षांनी क्रॉस मिळाला, मग गावातल्या चित्रकाराकडून छातीवर चढवून घेतला, हा अगदी सर्रास प्रकार. ओळखायचं कसं? क्रॉसखालचं जरीकाम किंवा काज उठावाच्या रूपात वर येतं. चित्रकाराने क्रॉस मुळातच धरला असता तर खालचं काज त्याने रंगवलंच नसतं. उलटा प्रकारही होतो. क्रांतीनंतर ऑक्टोबर १७९२ मध्ये हा किताब बंद झाला आणि १७९३ मध्ये क्रॉस जमा करायचा हुकूम निघाला. घरात असली चित्रं टांगणं धोक्याचं झालं. काही घरांनी क्रॉस कोटाच्या रंगाने झाकून टाकले. पांढऱ्या कोटावर एक ठिगळ जरा वेगळं पांढरं, जरा जाड दिसत असेल तर तिथे साफ करण्यापूर्वी एक्स-रे काढून घ्यावा. शिसं एक्स-रेमध्ये पांढरं उमटतं.

१८१४ मध्ये राजघराणं परतलं, किताब पुन्हा सुरू झाला आणि १८३० मध्ये कायमचा संपला. महादजी शिंद्यांसाठी ज्याने कवायती पलटणी, आपल्या बोलीत 'कंपू', उभे केले, त्या सॅव्हॉयच्या बनुआ द बुआनला या दुसऱ्या काळातच अठराव्या लुईने हा क्रॉस दिला. तोवर १८०२ मध्ये नेपोलियनने काढलेला 'लेजिओं द'ऑनर'ही रूढ झाला होता आणि त्याचीही फीत लाल! गोंधळ टाळायला भुजा मोजा. सेंट लुईला चार, नेपोलियनच्या ताऱ्याला पाच.

उमराव की नाही?

यादीत 'उमराव' हा शब्द फुकट वाटला जातो. मे १७८१ च्या, तेव्हाचे युद्धमंत्री सेगूर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हुकुमाने पायदळ आणि घोडदळात थेट अधिकारी व्हायला चार पिढ्यांच्या उमरावीचा पुरावा मागितला. म्हणजे त्यानंतर भरती झालेला सब-लेफ्टनंट उमराव असण्याची शक्यता दांडगी. त्याआधीच्या अधिकाऱ्यांबद्दल असं डोळे झाकून म्हणता येत नाही. आणि १७८१ च्या हुकुमातही एक फट होती: सेंट लुईच्या शेव्हालिएच्या मुलाला ही अट माफ. बापाच्या छातीवरचा क्रॉस मुलाला चार पिढ्यांच्या कागदाइतका उपयोगी पडत होता. घरोघर क्रॉस चढवून घेण्यामागे हाही हिशेब असणार, असं मला वाटतं.

चिलखतावरूनही उमरावी ठरत नाही. ते चित्रकाराच्या कार्यशाळेतलं असायचं. हायासिंथ रिगो (१६५९–१७४३) या चित्रकाराने जमाखर्चाची वही ठेवली होती. त्याच्याकडे वेशभूषा नवी हवी की आधीच्या चित्रातलीच पुन्हा चालेल, यावर किंमत ठरे. कापड, चिलखत आणि मागची लढाई ही कामं मदतनिसांची, चेहरा आणि हात बहुधा मालकाचे. त्यामुळे एकाच चिलखतात दोन वेगळ्या घराण्यांचे सेनानी दिसले तर आश्चर्य वाटू नये. एकाच चित्राच्या प्रतीही निघत: एक वडिलांच्या वाड्यात, एक सासरी, एक बहिणीकडे. पुढे राजा लुई-फिलिपने व्हर्सायमध्ये फ्रान्सच्या इतिहासाचं संग्रहालय १८३७ मध्ये उघडलं, तेव्हा त्यासाठी जुन्या मार्शल-सेनानींच्या भरपूर प्रती मागवल्या गेल्या. त्या उत्तम हातांनी केलेल्या आहेत, पण अठराव्या शतकातल्या नाहीत.

फ्रान्समधल्या विक्रीत शब्दांना कायद्याने अर्थ आहे, ३ मार्च १९८१ च्या हुकुमाने. चित्रकाराचं नुसतं नाव दिलं तर ती त्याच्याच हाताची हमी. 'अमुकचं मानलं जाणारं' म्हणजे चित्र त्याच्या काळातलं आणि तोच कर्ता असण्याचा जोरदार संभव. 'अमुकच्या कार्यशाळेतलं' म्हणजे त्याच्या देखरेखीखालचं. 'अमुकच्या शैलीत', 'पद्धतीत', 'अमुकवरून' यांत कर्त्याची, काळाची कसलीच हमी नाही. अनुवाद करणारं संकेतस्थळ हे सगळं 'अमुकचं चित्र' करून टाकतं. मूळ फ्रेंच ओळ वाचल्याशिवाय बोली लावू नये.

फ्रेम सहसा चित्रापेक्षा तरुण असते. कोरीव ओकची, गेरूरंगी मातीवर सोन्याचा वर्ख चढवलेली फ्रेम खरी अठराव्या शतकातली. साच्यातून काढलेल्या लगद्याची नक्षी वाळताना आकसते आणि ठरावीक अंतरावर आडव्या चिरा पडतात. ती एकोणिसाव्या शतकातली.

पावसाळ्यात

मुंबई किंवा कोकणात असं चित्र टांगायचं असेल तर पहिला शत्रू उजेड नव्हे, ओल. कॅनव्हासखालचा सरस हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर गेली की ढिला पडतो, कापड आकसतं, रंग तंबूसारखा उचलला जातो आणि पापुद्रे सुटतात. पिठाच्या खळीचं अस्तर म्हणजे बुरशी आणि कसरीला मेजवानी. बाहेरच्या भिंतीवर टांगू नका. चित्र आणि भिंत यांच्यात बुचाचे एक सेंटिमीटरचे तुकडे लावा, मागे हलका फळा बसवा. आर्द्रता पन्नास-पंचावन्नवर ठेवा आणि मुख्य म्हणजे एकसारखी ठेवा. रात्री एसी, दिवसा उघडी खिडकी, हा रोजचा चढउतार सगळ्यात वाईट.

धूळ काढायला मऊ, कोरडा, रुंद ब्रश. बस्स. बटाटा, कांदा, पावाचा गर, काच पुसायचा फवारा, जवसाचं तेल, हे सगळे घरगुती उपाय चित्राची वाट लावतात. तेलाने चित्र 'जिवंत' होतं असं वाटतं, पण दोन-चार वर्षांत ते तेल पिवळं, मग तपकिरी होतं आणि रंगाशी इतकं एकजीव होतं की काढताना रंगही येतो. रंग उचललेला असेल तर चित्र उभं हलवू नका. समोरची बाजू वर ठेवून आडवं न्या आणि चित्रसंवर्धकाला बोलवा.

नाव शोधताना आणि शेवटी चेहरा

पलटण आणि दशक हाती आलं की नाव शोधता येतं. १७५८ पासून १७९३ पर्यंत दर वर्षी फ्रेंच लष्कराची 'एता मिलितेर' ही यादी छापली जायची. पलटणवार, कॅप्टनांपर्यंत नावं, आणि सेंट लुईच्या शेव्हालिएंच्या नावापुढे क्रॉसची खूण. या याद्या फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या डिजिटल संग्रहात बघायला मिळतात. अधिकाऱ्यांच्या सेवेची कागदपत्रं पॅरिसजवळ व्हँसेनच्या लष्करी दप्तरखान्यात. क्रमांकित बटण, खांद्याची झालर आणि क्रॉस या तीन गाळण्यांतून एका पलटणीत मोजकीच नावं उरतात.

आता चेहरा बघा. ओठ फिकट असतील तर तो आजारी नव्हता. ओठांवरचा पारदर्शक लाल उडाला आहे. डोळ्यांच्या पापण्यांखालची पातळ तपकिरी सावली गायब असेल तर कोणी तरी जास्त घासलं आहे. बुबुळातला प्रकाशबिंदू भिंगातून बघा: तो भेगेवरून पसरला असेल तर नवा. खांद्यावर केसांतली पावडर सांडलेली दिसते का? चांगले चित्रकार ती कोरड्या ब्रशने हलकेच झटकायचे.

आणि वयाचा अंदाज घ्या. क्रॉस साधारण वीस-अठ्ठावीस वर्षांच्या सेवेनंतर मिळायचा. लढाईतली जखम किंवा पराक्रम असेल तर लवकर. म्हणून गाल गुळगुळीत, हनुवटीला अजून नीट दाढी नाही, वय बावीसच्या पुढे नाही आणि छातीवर क्रॉस, असं असेल तर पुन्हा मागे जा, भिंग क्रॉसच्या खालच्या भुजेवर धरा आणि त्याखाली काज आहे का ते बघा.